अंगठा

हळदीच्या अडतीवर दिवसभर
मी पोत्यांचे नंबर लिहितो
आणि संध्याकाळी सहानंतर
मला जगातल्या सगळ्या फोनांची माहिती असते.
घेणार नसतो. वाचून ठेवतो.
कुणाची बॅटरी किती, कुणाचा पडदा
सेकंदाला किती वेळा पापणी लववतो,
कोणता पाण्याखाली अर्धा तास तग धरतो.
हे शेवटचं जरा लक्ष देऊन.
आम्ही सांगलीचे.

माझा स्वतःचा फोन मात्र मला ओळखत नाही.
मार्चात सौदे रंगात आले
की अंगठ्याच्या रेघांत हळद जाऊन बसते.
'पुन्हा प्रयत्न करा,' फोन म्हणतो.
मी विजारीला पुसतो, पुन्हा प्रयत्न करतो.
काट्याजवळून भरमा ओरडतो,
'दिवाणजी, आकडं टाका की वो!'
आकडे टाकतो. पोरीची जन्मतारीख.
अख्ख्या यार्डाला पाठ आहे ती.

दिवाळीनंतर मिरजेच्या दस्तगीरकडून
जुना प्रोजेक्टर आणला, साडेचार हजारांत.
त्यानं आधी खोलून दाखवला.
भिंगापाशी एक मुंगी मरून पडली होती.
'ही फुकट,' म्हणाला.

पद्मजानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं,
खिळा काही निघाला नाही.
आता कुठलाही सिनेमा लावा,
डावीकडे वर तो असतोच.
वाळवंटात तो घार,
लग्नात नवऱ्या मुलाच्या कपाळावर तीट,
आणि कसोटी सामन्यात
बरोबर गुड लेंथवर.
आम्ही सगळे बोलरला तिथंच टाक म्हणून सांगतो.

स्पीकरचं वेगळंच. तो मनाला येईल त्याच्याशी जोडला जातो.
एका रविवारी पडद्यावर किल्ला पडत होता,
तलवारी, धूळ, घोडे,
आणि आवाज वरच्या मजल्यावरच्या कुंभोजकर वहिनींच्या फोनचा:
'कांदा गुलाबी होईपर्यंत परतून घ्या.'
राजा कोसळला.
'आता चवीपुरतं मीठ.'
कारखान्यातून रिटायर झालेले बाळगोंडा अण्णा
घरून स्वतःची खुर्ची घेऊन आले होते.
ते म्हणाले, असंच राहू दे, समजतंय.

श्रुतिका माझ्या शेजारी बसून
तोच सिनेमा तिच्या फोनवर दुप्पट वेगानं बघते.
मध्यंतराच्या आधीच उठते.
'तो वाचतो,' म्हणते, 'पण बहीण जाते.'
आणि जेवायला वाढून घेते.

पुराच्या साली मी टीव्ही आधी वर नेला, डोक्यावर,
कागदपत्रं नंतर.
पद्मजा हे अजून पाहुण्यांना सांगते.
ती सांगत नाही ते असं,
की टीव्हीवरची गादी तिनंच बांधली होती,
नवारीच्या पट्टीनं, चार गाठी मारून.
रिमोट खाली राहिला.
आठवड्यानं चिखलात सापडला, कपाटाच्या पायाशी,
धुतला, उघडला, पत्र्यावर वाळवला.
त्यातलं एकच बटण चालतं, आवाज वाढवायचं.
वाढवला की कमी करायला उठावं लागतं.
फेकत नाही.
कधी कधी खणातून काढून नुसतं दाबतो,
टीव्ही बंद असताना.

जूनमध्ये सौदे थंडावतात.
अंगठा हळूहळू धुऊन निघतो,
आधी कडा, मग मधला भोवरा.
आणि एका सकाळी गोडाऊनच्या दारात
पहिल्याच स्पर्शाला फोन उघडतो.
मी दचकतो,
कुणी हाक न मारता दार उघडावं तसा.
कशाला उघडला होता तेच आठवत नाही.

भरमा छत्री झटकत आत येतो.
'आयर्विनला किती दाखवतंय?'
बघतो. अकरा फूट.
'आणि कोयनेतनं?'
'काही नाही अजून.'
तो मान हलवून पोत्यावर टेकतो, तंबाखू मळतो.
मी एका हेडफोनबद्दल वाचायला घेतो.
बाहेरचा सगळा आवाज म्हणे बंद करतो.
वाचता वाचता मध्येच
परत एकदा बघतो.
अकरा.