जांभळ्या टोपणाची नळी

अर्जुनीच्या पुढे डांबर संपतं.
निशांतच्या गाडीवर मागे, मांडीत बर्फाचा डबा धरून
मी चिचटोल्यात शिरले, तेव्हा
आसाराम टेंभुर्णे अंगणात
पळसाच्या पानांचे पुडे बांधत होते.
सत्तर पानं, एक गाठ. सत्तर पानं, एक गाठ.
एकतीस उन्हाळे तेंदूच्या फळीवर मुनशी होते ते.
मुलीचं नाव आता सांगता येत नाही,
हात मात्र चुकत नाहीत.

"कोन जी?"
मी नाव सांगितलं. विद्यापीठ सांगितलं.
चार महिने फेलोशिप आली नाही, ते नाही सांगितलं.

शंभरातून सात वजा करा, बाबा.
उरतील त्यातून पुन्हा सात.
ते हसले.
"वजा कायले करू? बाईनं उन्हात तोडून आनलं पान,
माह्या हातानं कमी नाही लिहनार."
गुण पाचपैकी शून्य.
लिहिला, आणि पेन जरा वेळ तिथंच राहिलं.

संमतीपत्रावर त्यांची सही
वळणदार, मुनशीची, खाली दोन टिंबं.
नियमानं ती पुरत नाही.
शेजारी मुलीची घेतली: निरूपा, वय एकोणचाळीस.
वहीत वंशावळ काढली,
तीन चौकोन काळे, आत्याचा गोल काळा.
निरूपा वाकून पाहत होती.
"हा रिकामा गोल म्हंजे मी?"
हो.
"याले काळा करा लागन का मंग?"

सुई तेव्हा बाबांच्या शिरेत होती.
कुणालाही त्याचा निकाल सांगायचा नाही,
आणि एक जनुक म्हणजे भाकीत नव्हे,
हे वाक्य मला इंग्रजीत तोंडपाठ आहे.
मराठीत म्हणायला गेले तर
मध्येच एक "म्हणजे" आला,
त्याच्यामागून दुसरा.
ती म्हणाली, "राहू द्या. च्या घ्या."

दुपारी लाइन गेली, बर्फाचं पाणी झालं.
ढिवरांच्या सोसायटीत मासळीचा बर्फ मिळाला.
भागरताबाईंनी पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, कोनाचं रगत हाय?
नागपूरपर्यंत एकवीस माणसं
कतल्याच्या वासात आली.

आठव्या दिवशी लॅबमध्ये
वीस नळ्या ठीक. एकोणिसावी गोठलेली.
रक्त भरल्यावर नळी आठदा
हलक्या हातानं उलटसुलट करायची,
पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे.
मी विसरले.

सर म्हणाले, वगळ तो नमुना,
एकानं काय फरक पडतो.
यादीत त्यांचा आकडा खोडायला गेले
आणि मला वजा करता येईना.

शनिवारी परत निघालोय.
ते विचारतील, कोन जी?
मी पहिल्यांदाच आल्यासारखं नाव सांगेन,
दंडाला पट्टा बांधेन.
निरूपाला काय सांगायचं
ते अर्जुनी येईस्तोवर सुचलं तर बरं.