आंबोण

टँकर पहाटे पाचला येतो हिंगण्याच्या फाटकात.
मे महिन्यात नागपुरात
आठनंतर यीस्ट स्वतःलाच खायला लागतं.
उपाशी पेशी आपल्याच भिंती विरघळवते,
हे पुस्तकात एका ओळीत आहे.
प्रत्यक्षात त्याला वास असतो:
ओल्या पावाचा, मग रश्श्याचा,
मग ज्याला नाव द्यावंसं वाटत नाही असा.

भिवगडे पाइप जोडतो, तोंडाला दुपट्टा.
"मॅडम, हे म्हंजे दारूचं उष्टंच हाये ना?"
हाव, उष्टंच.
टाकीच्या तळाला बसलेला साका.
साखर खाल्ली, फेस दिला;
निवळ वर गेली, बाटल्यांत, लेबलांत, लग्नांत,
आणि ज्यांनी काम केलं ते खाली राहिले
करड्या लगद्यात.
पूर्वी हे नाल्यात सोडायचे.
नाल्याचा श्वास कोंडायचा.

आधी कडूपणा धुवायचा.
पाणी, थोडा सोडा, पुन्हा पाणी.
तीन धुण्यांनंतरही जरासा उरतो.
त्याला मी आता चूक म्हणत नाही.

मग जस्त. मग सेलेनियम, अगदी किंचित.
भुकेलं यीस्ट तेही घेतं,
गंधकाच्या जागी बसवून टाकतं,
अनोळखी पाहुण्याला घरच्या पाटावर बसवावं तसं.
कमी पडलं तर उणीव, जास्त झालं तर विष,
आणि मधली पट्टी इतकी अरुंद
की वजन करताना मी श्वास धरून ठेवते.
पहिल्या वर्षी एक खेप तांबूस पडली.
सर काही बोलले नाहीत.
ते पिंप अजून कोपऱ्यात आहे, झाकणावर लाल फुली.
मी ते हलवू देत नाही.

वानाडोंगरीच्या मागे सारजाबाई खडक्यांचा गोठा.
अकरा म्हशी, खुरांना भेगा,
दोन वगारी माजावर येत नाहीत.
मी सांगत होते: मातीत जस्त कमी,
म्हणून कुटारात कमी, म्हणून म्हशीत, म्हणून...
त्या माझ्या नखांवरचे पांढरे ठिपके बघत होत्या.

"तीन पिढ्या आमच्या घरात थेंब नाही आला.
आता म्हशीले पाजू?"
मी म्हटलं, ड्रमवर वाळवलंय, सगळं उडून गेलंय,
हा बघा अहवाल.
"म्हस वाचते काय कागद?"

मग मी चिमूटभर जिभेवर ठेवलं.
त्यांनीही घेतलं.
बराच वेळ चघळलं, भिंतीकडे बघत.
"मेथीवानी लागते."
आणि थोड्या वेळानं, मला नव्हे, कुणालाच नव्हे:
"सासू रात्रीच चुनी भिजवे.
सकाळी वर फेस येई बोटभर.
त्या फेसाबिगर म्हस आंबोणाले तोंड नाही लावे."

मी कितीदा उच्चारला होता तो शब्द.
आंबोण. त्यातलं आंबणं
माझ्या कानाला कधी लागलंच नव्हतं.
माझ्या डब्यावर छापलं होतं: नवीन.

"घाल मंग. पयले हिले, टिकलीले.
लय नखऱ्याची हाये."
ढेपेवर, सरकीवर मी मूठभर पसरलं.
टिकलीनं हुंगलं आणि फुर्र केलं.
सगळं माझ्या चष्म्यावर.
मग एकदा जीभ फिरवली, कडेकडेनं,
आणि मान वळवून उभी राहिली.
त्या दिवशी एवढंच.

रजिस्टरात लिहिलं:
म्हैस क्रमांक सात, स्वीकार अंशतः.
फुर्रसाठी रकाना नव्हता.

सव्वा महिन्यानं दुपारी फोन आला.
खुरांचं काही बोलल्या नाहीत, वगारींचंही नाही.
मागे बादलीचा आवाज, कुणीतरी हाकलत होतं कुत्र्याला.
"डबा संपला," म्हणाल्या.
आणि ठेवला.