जाताना एकोणचाळिसावा

शहापूरच्या खडेबाजारात, बांगड्यांच्या दुकानाला लागून
तीन फुटी ओट्यावर अंबाक्का पाटवेकर बसते,
पायाच्या अंगठ्यात रेशीम अडकवून.
गाठवायला येतात बोरमाळा, पुतळ्या, काळ्या पोती,
महिन्याकाठी एखादी जपमाळ.

मी रुमालात बांधून नेली द्रुपदाची.
वर्षभर खुंटीवर होती, गोमुखीत, तशीच.
परवा हात घातला
तर दोरा कुजलेला.
तुळशीचे मणी सांडले देव्हाऱ्यापासून
थेट मागच्या खोलीतल्या बंद मागापर्यंत.
गुडघ्यावर रांगत गोळा केले,
सत्तरीच्या माणसाला शोभत नाही तसे.

अंबाक्कानं ते पितळी ताटलीत ओतले,
मोजायला लागली: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु…
मराठीत का नाही, म्हटलं.
"मराठीत पैसे मोजते की.
मणी बापानं कन्नडात शिकवले,
गिऱ्हाईक सौंदत्तीकडचं असायचं."
नूरा एळु.
पुन्हा मोजले. एकशे सातच.

एक बहुतेक मागाच्या खड्ड्यात गेला.
त्या खड्ड्यात पाय सोडून मी बत्तीस वर्षं बसलो,
आता वर फळ्या टाकल्यात, फळ्यांवर गॅसची टाकी.

"तुळशीचा सुटा मणी नाही माझ्याकडं.
खरं घरात जुनं लाकूड काय असंल तर आणा."
मी धोटा नेला.
एका टोकाला चिरलेला, मधे हातानं गुळगुळीत झालेला.
तिनं विचारलं नाही कशाचा.
करवतीनं तुकडा पाडला, कानशीनं घासला,
तापवलेल्या सुईनं आरपार भोक.
हे शास्त्रात बसत नाही, मी म्हणालो.
"माळंत बसला की बसंल शास्त्रात."

मग प्रत्येक मण्यामागं एक गाठ,
मण्यानं मण्याला घासू नये म्हणून.
"माळ मण्यानं तुटत नाही ओ, दोऱ्यानं तुटते.
आणि दोरा कुणी बघत नाही."
शेवटी मेरुमणी, त्याला लाल गोंडा.
"हा ओलांडायचा नाही. इथवर आलं की माळ फिरवायची, परत यायचं.
आणि हे पहिलं बोट लांब ठेवायचं,
ते लोकांना दाखवायचं बोट."
का ओलांडायचा नाही?
"मला काय ठाऊक. बापानं विचारू दिलं नाही."
चाळीस रुपये घेतले. मराठीत मोजून.

मला जप येत नाही.
द्रुपदा करायची. कांड्या भरतानाही तिचे ओठ हलत,
मी समजायचो तार मोजते.
कधी विचारलं नाही कुणाचं नाव घेतेस,
आणि आता माळ आहे, नाव माहीत नाही.
पहिल्या दिवशी नुसतेच मणी ओढले
दाव्याला बांधलेल्या बैलासारखे.
मग एकेक देव घेऊन बघितला.
कपिलेश्वर, मंगाई, माहेरचा तिचा खंडोबा.
कुठलं नाव तिच्या ओठांच्या हालचालीत बसतं
ते आठवून बघितलं.
जमलं नाही.

खरं एक होतं.
माळ सरकत असते, मी दुसरीकडंच असतो,
विजेच्या बिलात, मुलाच्या फोनमध्ये,
आणि अंगठ्याला अचानक तो लागतो.
जरा मोठा. जरा ओबडधोबड. तुळशीहून गार.
अंबाक्कानं सांगितलं नव्हतं कुठं ओवला ते.
मीच शोधला: मेरूपासून जाताना एकोणचाळिसावा,
माळ फिरवून येताना सत्तरावा.
एकाच मण्याचे दोन आकडे,
दोन्ही खरे,
मण्याला दोन्हींचं काही नाही.

तिथं बोट थांबतं.
विसरलेलं बिल, घेतलेलं नाव, सगळं थांबतं.
एवढंच जमतं मला,
दिवसातून दोनदा, एका मण्यावर.
कदाचित बाकीचे एकशे सात
तिथवर पोचण्यासाठी असतील.
कदाचित तसं नसेलही.

मग शेजारच्या पॉवरलूमची खडखड पुन्हा ऐकू येते,
आणि मी पुढच्या मण्यावर सरकतो.
नलवत्तु, म्हणतो.
की चाळीस म्हणालो?