काल्देरोन

पुन्ता अरेनासला दार आधी वारा उघडतो,
गिऱ्हाईक मागून येतं.
दोन्या एदुविना माँसिया आल्या
तेव्हा लॅपटॉप त्यांनी लोकरीच्या शालीत गुंडाळला होता,
आजारी कोकरू आणावं तसा.
म्हणाल्या, "नवऱ्याच्या लिखाणाला उवा झाल्यात.
शुक्रवारी छापायला द्यायचंय."

झाल्या होत्या खऱ्या.
दर दोन शब्दांमध्ये एक ठिपका, लिखेएवढा.
कुठे कुठे बाण, रस्ता दाखवून दमलेले.
आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला तो,
पाठमोरा, फुगल्या डोक्याचा, दोन पायांवर उभा.
आमच्याकडे त्याला काल्देरोन म्हणतात.
काल्देरोन म्हणजे मोठी कढई.
काल्देरोन म्हणजे काळा देवमासाही,
जो कधी कधी कळपानं किनाऱ्यावर चढतो
आणि परत फिरायचं विसरतो.
तसेच पडले होते पानाच्या काठाला,
एकतीस पानं.

मी म्हटलं, बाई, हे छापून येत नाही.
हे पहिल्यापासून इथेच होतं.
तुमच्या बोटांखाली तीन कळा एकदम आल्या
आणि दिवा लागला, एवढंच.
"पहिल्यापासून?"
त्यांनी चष्मा पुसला.
"आणि मी ह्या माणसाला नीटनेटका समजत होते."

दोन बाल्दोमेरो. चाळीस वर्षं लोकरीच्या गोदामात कारकून.
हात टाइपरायटरवर वाढलेला:
ओळ काठाशी आली की एंटर,
परिच्छेद सुरू करायचा तर स्पेस पाच वेळा, मोजून,
शीर्षक मधोमध आणायचं तर तेही स्पेसनंच,
गाठोडं ढकलावं तसं ढकलत ढकलत.
मेला तेव्हा अक्षर बारीक होतं, सगळं जागेवर होतं.
बाईंनी वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं,
तर ओळी मध्येच मोडल्या,
अर्धी ओळ, मग एक शब्द, मग अर्धी ओळ,
लंगड्या मेंढीची चाल.

आधी एंटर काढले. सातशेच्या वर निघाले.
मग यंत्राला सांगितलं:
दोन स्पेस शोध, एक ठेव.
'सगळे बदला'वर बोट नेलं
आणि दोन्या एदुविनांनी माझं मनगट धरलं.
"ते काय आहे?"

चोविसावं पान.
वर साल, एकोणीसशे त्र्याहत्तर.
खाली एकही शब्द नाही.
नुसते ठिपके, अडीच ओळी,
आणि शेवटी एक काल्देरोन, कळप नसलेला.

त्यांनी नखानं मोजले. मी मोजू दिले.
दोनशे सहा.

"त्या दुपारी मी रुबार्बचा मुरंबा ढवळत होते," त्या म्हणाल्या,
"आतून खट खट ऐकू येत होतं.
मला किती बरं वाटलं.
म्हटलं, अखेर बेटाबद्दल लिहितोय.
म्हणून हाक मारली नाही चहाला."

स्पेसचा आवाज जरा बद्द असतो, अक्षरांहून.
हे मला ठाऊक होतं. बोललो नाही.

मग 'सगळे' सोडलं आणि एकेक घेतलं.
इथे बदलू? हो.
इथे? हो.
बाहेर पत्र्यावर वारा, आत मी हो हो करत,
अकराशे वेळा असेल,
आणि चोविसाव्यावर आलो तेव्हा
पुढचं शोध,
पुढचं शोध,
पुढचं.

दिवा घालवला. पानं स्वच्छ झाली.
चोविसाव्यावर दोन बोटं कोरी जागा राहिली,
कुणी विचारलंच तर म्हणावं, शाई संपली होती.
पैसे मी नको म्हटलं,
त्यांनी मुरंब्याची बरणी ठेवली.

बरणी न्यायला परत आल्या दोन आठवड्यांनी.
रिकाम्या बरण्या सोडत नाहीत त्या.
छपाई कशी झाली, मी विचारलं.
"झाली. मुलांना आवडली."
मग शाल सारखी करत, दाराकडे बघत,
"ती कळ मी शोधून काढली बरं का.
कंट्रोल, शिफ्ट आणि आठ.
रात्री लावते थोडा वेळ.
एवढ्या उवा चालतात घरात."