पोटात ठेव

"तीन महिने पोटात ठेव," सासूबाई म्हणाल्या फोनवर,
पाटणहून, आवाज खाली करून,
जणू टॉवरवर कुणी कान लावून बसलंय.
ठेवते म्हटलं.
पण पोटात काहीच राहत नाही, आई,
ना चहा, ना पेज, ना रात्रीचं साधं वरण,
तिथे एवढी मोठी गोष्ट
कशी राहावी?

दिवस गेलेत म्हणतात.
कुठे गेलेत? हे काय,
बेसिन धरून उभेत माझ्यासोबत
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, पहाटे साडेपाचला,
नळाची धार मोठी सोडून,
म्हणजे भिंतीपलीकडे सुर्वेकाकूंना
आवाज जाऊ नये.

विश्राम रात्रपाळीहून येतो
महाप्याच्या सर्व्हर रूमचा गारठा अंगावर घेऊन.
साबण तीनदा बदललाय त्याने,
आता बिनवासाचा मिळालाय, कपडे धुवायचा.
उशाशी चुरमुऱ्यांचा डबा असतो:
पाय जमिनीला लागायच्या आधी चार दाणे खा,
वाशीच्या डॉक्टर म्हणाल्या.
मी अंधारात खाते, उंदरासारखी,
कुरुम कुरुम.
तो हसत नाही. शिकलाय.

मग नऊला मसाला मार्केट.
आवक, जावक, तूट, हमाली,
गुंटूरची मिरची, उंझ्याचं जिरं,
धणे, तमालपत्र, बडीशेप.
आठ वर्षं मला कसलाच वास येत नव्हता.
नवे लोक शिंकायचे, मी बेरजा करायचे.
आता दारातूनच एकेक पोतं
नाव सांगत अंगावर येतं.
मिरची चालते, नवल म्हणजे. लवंगही.
हिंगाचं मात्र
नाव नको.

ओढणीच्या टोकाला लिंबाचं पान बांधलंय.
शेटना सांगितलं, ॲसिडिटी आहे.
शेट म्हणाले, जिरं खा.
मागे थप्पी होती जिऱ्याची, छतापर्यंत.

पिसाळमामा, टोळीचे मुकादम,
मानेवर घट्टा, बोलणं कमीच.
परवा मी तिसऱ्यांदा मोरीकडे पळाले
तेव्हा हूक हातात धरून बघत होते.
काल आले तर हिंगाचे डबे
टेबलाशेजारी नव्हते,
पलीकडच्या गाळ्यात, पार आतल्या भिंतीला.
वहीवर आवळकाठीची पुडी.
"तिकडं गार हाय. हिंगाला बरं,"
मामा म्हणाले, माझ्याकडे न बघता.
"आमच्या थोरलीला बी सोसत नव्हता."
आणि एकदम गप्प,
पुढच्या पोत्यात हूक घातला.
आई, मी नाही हं फोडली गोष्ट.

मागच्या खेपेला
एका मंगळवारी मळमळ थांबली होती.
अख्खं ताट जेवले मी, लोणच्यासकट,
बोटं चाटली.
विश्रामनं कुल्फी आणली, दोन.
शुक्रवारी कळलं.

आज डोळा उघडला तर काही नाही.
पोट शांत, ओहोटीच्या खाडीसारखं.
डब्याला हात लावला नाही.
पंख्याकडे बघत पडून राहिले.
खाली दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या,
कुणाचा तरी कुकर.
पाच मिनिटं. सात.
विश्रामच्या येण्याला अजून वेळ होता
आणि त्याला काय सांगायचं
ते जुळवत होते मनात, जुळत नव्हतं.

मग सुर्वेकाकूंनी डब्याच्या भाजीला
फोडणी दिली. हिंगाची. सढळ हाताने.

तळापासून उसळून आलं.
धावले, नळ सोडायचा राहिला,
सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं
ओकले.

बेसिनच्या कडेला कपाळ टेकलं,
तोंड कडू जहर, डोळ्यांतून पाणी,
आणि हसू आवरेना.
भिंतीवर टकटक झाली.
"बरं आहे ना गं?"
"बरं आहे, काकू," म्हटलं.
"खूप बरं आहे."