तांबड्या शाईचे तास

शहापूरच्या खडेबाजारात माझं झेरॉक्सचं दुकान.
बोर्डावर कन्नड मोठं,
मराठी खाली, मुंगीएवढं.
पहाणी, पासबुक, जातीचे दाखले,
सकाळपासून लोकांची नावं
काचेवर पालथी पडतात.

जोतिबा मुतगेकर आला
तो तांदळाच्या पिशवीत तीन लॉगबुकं घेऊन.
चौथीपर्यंत माझ्या पुढच्या बाकावर होता.
मग सैनिक शाळा, मग वायुदल,
बावीस वर्षं हेलिकॉप्टर.
तिकडं त्याला 'जो' म्हणायचे.
इथं आल्या आल्या त्याचा परत जोत्या झाला.

"पानं किती?"
"सगळी."
"कुठं पाठवूलालास गा?"
"प्रवासी विमानांच्या कंपनीला."
"मग काय, लगेच घेतील की!"
तो वहीचा कोपरा सरळ करत राहिला.
"हेलिकॉप्टरचे तास धरत नाहीत.
विमानाचेच लागतात.
माझे विमानाचे दोनशे दहा.
तेबी शिकताना झालेले."

शेवटच्या पानावर बेरीज होती,
तीन हजार आठशे बेचाळीस.
मी ती दोनदा वाचली.

परीक्षाही द्यायच्यात म्हणाला, नव्यानं.
हवामानाचा पेपर गेल्या खेपेला राहिला.
ढगाचं चित्र, खाली चार पर्याय,
एकावर खूण करायची.
"त्या ढगात मी शिरलोय रे," म्हणाला,
"पण त्याचं नाव चुकलं."

त्याचे आबा वडगावात पावरलूमवर.
त्यांना हे तास न धरायचं सांगितलं,
तेव्हा म्हणे लूम बंद करून बोलले,
"शेटबी असंच करायचा.
एक धागा तुटला की, हे धरत नाही,
घरी घेऊन जा.
तसली लुगडी
तुझ्या आईनं बारा वर्षं नेसली."

मशीनचा उजेड पानापानाखालून सरकत होता.
लेह. थॉइस. तेजपूर.
मला न कळणारी आडवी अक्षरं.
मधेच ओळखीचं गाव आलं नि माझा हात थांबला.
सांबरा–मांजरी–सांबरा.
कृष्णेचं पाणी शाळेच्या पत्र्याला लागलं होतं
त्या वर्षीची तारीख.
वेळ, तीन तास चाळीस मिनिटं.
शेऱ्यात, माणसं एकोणीस, शेळी एक.

"शेळी कशाला लिहिलीस?"
"वजन लिहावंच लागतंय.
ती म्हातारी शेळीशिवाय चढतच नव्हती.
कन्नडात शिव्या घालत होती मला.
मी मराठीत घातल्या.
मग बसली."

तेवढ्यात त्यानं बाहेर आलेली प्रत उचलली
आणि उजेडाला धरली.
"हे सगळं काळंच आलंय."
"मग?"
"रात्रीचे तास तांबड्या शाईत असतात.
इथं दिवस नि रात्र एकच दिसूलालंय."

मागं कलरचं मशीन आहे,
लग्नपत्रिका नि वाढदिवसाच्या बॅनरसाठी.
पानाला दहा रुपये.
मी काही न बोलता ते चालू केलं,
तापायला दोन मिनिटं लागतात.
दोघं उभे राहिलो. चहा सांगितला नाही.
मग एकेक रात्र तांबडी होऊन बाहेर येऊ लागली,
गरम, थोडी वाकलेली.

बिल मी साध्या झेरॉक्सचं लावलं.
त्यानं पानं मोजली, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला
आणि फरकासकट नोटा काउंटरवर ठेवल्या.
"सर्व्हिसमधली सवय," म्हणाला.

बाहेर बेंगळूरचं विमान
सांबऱ्याच्या बाजूला उतरत होतं.
गाडीवरची पोरं मान वर करून बगूलालती.
जोतिबानं आधी घड्याळ बघितलं.
"अकरा मिनिटं लेट."
नंतर पिशवी बगलेत मारून
रहदारीतून, दोन्हीकडं नीट बघत,
रस्ता ओलांडला.

रात्री शटर ओढायच्या आधी
ट्रेमध्ये एक जास्तीची प्रत सापडली.
काळीच होती ती, पहिल्या खेपेची.
तिचं तसं काम काही नव्हतं.
काउंटरच्या काचेखाली सरकवली,
दरपत्रकाच्या शेजारी.
आता पहाणी काढायला आलेला माणूस
सुटे पैसे शोधता शोधता वाचतो
आणि मला विचारतो,
शेळी कुणाची?