सभासद : अनडिफाइंड

पहिली पावती निघाली सहा वाजून दहा मिनिटांनी.
तलावावर धुकं, पाळीला लागलेले तीन डोंगे,
आणि हिरकना काकूची टोपली काट्यावर.
रोहू, तीन किलो दोनशे. वजन बरोबर.
भाव बरोबर, तारीखसुद्धा.
सभासद : अनडिफाइंड.

काकूला वाचता येत नाही. पतिरामकाकाकडून
तिनं दोनदा वाचून घेतलं, मग मला विचारलं,
"हा कोन होय वो? आपल्या टोलीतला त नाई."
रांगेतून कोणीतरी म्हणालं, साकोलीचा ठेकेदार असंल.
सगळे हसले. मी सोडून.

सोसायटीच्या खोलीत वीज नव्हती,
लॅपटॉप बावीस टक्क्यांवर.
मी माझंच लिहिलेलं वाचत बसले, परक्याचं पत्र वाचावं तसं.
काटा नावाचं एक ऑब्जेक्ट,
त्याच्या पोटात सभासद, त्याच्याच पोटात नोंद करणारं फंक्शन,
एका घरात नीट नांदणारी दोघं.
त्यातलं फंक्शन तेवढं उचलून
मी बटणाच्या ओटीत घातलं होतं :
दाबलं की याला हाक मार.

बटणानं हाक मारली.
फंक्शननं "माझा सभासद" म्हणून खिशात हात घातला
तर खिसा बटणाचा.
बटणाला कुठला सभासद?
बटणाला फक्त हिरवा रंग.

त्या भाषेत 'धिस' म्हणजे हा, आपण स्वतः.
पण आपण कोण, ते लिहिणारा ठरवत नाही,
बहुतेक वेळा हाक मारणारा ठरवतो.
हे मी परीक्षेत लिहून आले होते, पाच मार्कांना.
अर्जुनीच्या बाजारात मी पतिरामची पुतनी,
कॉलेजात छत्तीस नंबर,
मागच्या माघात चहाचा ट्रे धरून उभी होते तेव्हा
नुसती "पोरगी".
तेव्हा कोणी विचारलं असतं, तुझं काय आहे तुझ्याजवळ,
तर मीही तेच छापलं असतं.

बाइंड. एकच शब्द लागला.
फंक्शन काट्याला बांधलं, आता हाक कोणीही मारो.
हिरकना शिवराम वलथरे, पावतीवर आलं.
काकूनं नावावरून अंगठा फिरवला,
शाई लागते का बघायला.

शुक्रवारी बुधाजी नान्हेंचा एक कतला
वहीत तीन कतले झाला.
बुधाजी रांगेत तिसरे.
दर सभासदाला मी बटणावर नवा कान लावत होते,
जुना काढत होते, असं मला वाटत होतं.
काढताना पुन्हा बाइंड लिहिलेलं :
तसंच दिसणारं, तेच करणारं,
पण ते नव्हे. प्रत्येक बाइंड नवं फंक्शन जन्माला घालतो.
ब्राउझर हे सांगत नाही. चूक नाही, लाल ओळ नाही,
नको तो निरोप ऐकून गप्प राहणाऱ्या माणसासारखा.

संध्याकाळी काका जाळं ओढत होता,
मी पाळीवर बसून त्याला ऐकवलं, त्याला कळेल म्हणून नव्हे.
त्यानं मान वर केली नाही.
"खुट्याले ज्या दोरीनं बांधला तेच दोरी वढ.
तशीच दुसरी धरून वढशीन त जारा येते का हातात?"
आणि एक शिंगूर काढून, काटा चुकवत,
माझ्याकडे फेकला.

रात्री बांधलेल्या फंक्शनला एक नाव दिलं, एकदाच बांधून.
लावताना ते, काढताना तेच.
बुधाजी म्हणाले, दोन कतले वापस घेतलेस वो माझे.

वहीतली पहिली ओळ मात्र मी पुसली नाही.
तीन किलो दोनशे, कोणाची नाही.
महिनाअखेरीला सचिव विचारतील.
काकू रोजच विचारते, टोपली उतरवताना,
"आला का तो आज? बिननावाचा?"
नाही म्हटलं तरी
रांगेच्या शेवटाकडे एकदा वळून बघते.